आयसीयूतल्या नातेवाईकांशी बोलण्याची साधनं: उपयोगी कोणती, नावापुरती कोणती

अतिदक्षता विभागात घरच्यांना माहिती देण्यासाठी आज बरीच साधनं वापरात आहेत. छापील माहितीपत्रक, ठरलेल्या वेळेचा फोन, बसून घेतलेली फॅमिली मीटिंग, व्हिडिओवरची भेट, खाटेजवळची डायरी, मृत्यूनंतर पाठवलेलं सांत्वनपत्र. यातलं प्रत्येक साधन कोणीतरी कळकळीनेच सुरू केलेलं असतं. पण त्यातून घरच्यांच्या हाती काय लागतं, हे क्वचितच तपासलं जातं. हे परीक्षण विभाग चालवणाऱ्या डॉक्टर-नर्ससाठी आहे, आणि बाहेर बाकावर बसलेल्यांसाठीही आहे. आपण काय मागू शकतो हे त्यांनाही माहीत असायला हवं.

कसोटी एकच. बोलणं झाल्यावर तासाभराने घरच्या माणसाला विचारायचं: आजार कोणता आहे, उपचार कोणते चालू आहेत आणि पुढे काय होईल असं डॉक्टरांना वाटतंय? तिन्हींची उत्तरं त्याला स्वतःच्या शब्दांत देता आली तर साधन कामाचं. कसोटी कडक वाटेल, पण तिला आधार आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात, डॉक्टरांशी बोलून आलेल्या घरच्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना निदान, उपचार किंवा पुढची शक्यता नीट समजलेली नव्हती. डॉक्टर बोलले होते, घरच्यांनी मान हलवली होती आणि अर्थ मध्येच कुठेतरी गळून गेला होता.

सुरुवात सगळ्यात स्वस्त साधनापासून.

माहितीपत्रक

एक घडीचा कागद, भेटीच्या पहिल्याच दिवशी हातात द्यायचा. त्यात विभागाचा फोन नंबर, भेटीच्या वेळा, डॉक्टर कधी भेटतील, खाटेभोवती दिसणाऱ्या यंत्रांचं साध्या भाषेतलं वर्णन आणि नेहमी कानावर पडणाऱ्या आठ-दहा शब्दांचे अर्थ. फ्रान्समधल्या ३४ आयसीयूंत याची रीतसर चाचणी झाली आणि २००२ मध्ये निकाल आले. नीट न समजलेल्या घरच्यांचं प्रमाण पत्रक न मिळालेल्यांत सुमारे ४१ टक्के होतं, पत्रक मिळालेल्यांत सुमारे साडेअकरा टक्के. एका कागदाने इतका फरक पडत असेल तर तो न छापण्याला काही सबब उरत नाही.

मात्र पत्रक कसं लिहिलंय यावर सगळं अवलंबून आहे. बरीच पत्रकं नियमांच्या याद्या असतात: चपला बाहेर काढा, गर्दी करू नका, मोबाइल बंद ठेवा. हे वाचून माणसाला आपण इथे अडचण आहोत एवढंच कळतं. पत्रकाची पहिली ओळ रुग्णाबद्दल असावी, नियम मागच्या पानावर. आत एक रिकामी चौकट हवी, ‘डॉक्टरांना विचारायचे प्रश्न’ अशा मथळ्याची, आणि त्यात लिहिता येतील अशा पाच-सहा ओळी. पत्रकातला सगळ्यात कामाचा भाग हाच. धक्क्यात असलेल्या माणसाला डॉक्टर समोर आल्यावर एकही प्रश्न आठवत नाही आणि ते निघून गेल्यावर सगळे आठवतात.

कोणत्या यंत्राबद्दल काय लिहायचं? मॉनिटरबद्दल हे नक्की लिहावं की आवाज झाला म्हणजे दर वेळी संकट नसतं. रुग्ण हलला, बोटाची क्लिप सरकली तरी तो वाजतो. व्हेंटिलेटरबद्दल: श्वास देणारं यंत्र आहे, ते आजार बरा करत नाही, फुप्फुसं सावरेपर्यंत वेळ मिळवून देतं. नळीमुळे रुग्णाला बोलता येत नाही, आवाज कायमचा गेला असं नाही. झोपेच्या औषधांबद्दल: रुग्ण उत्तर देत नसला तरी त्याला ऐकू येत असण्याची शक्यता आहे, म्हणून त्याच्याशी बोला, हात धरा. अशा चार वाक्यांनी पहिल्या भेटीतली निम्मी भीती उतरते.

व्हरांड्यातलं बोलणं

राउंड संपवून बाहेर पडताना दारात उभ्याउभ्या दिलेली दोन मिनिटांची माहिती. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात जास्त गैरसमज पेरणारं साधन हेच आहे. ते बंद करा असं आमचं म्हणणं नाही. रोजची छोटी माहिती लागतेच. पण त्यातले काही शब्द बदलावेच लागतील.

पहिला शब्द ‘स्टेबल’. डॉक्टरच्या दृष्टीने त्याचा अर्थ गेल्या काही तासांत आकडे बदललेले नाहीत, इतकाच. अत्यवस्थ रुग्णही या अर्थाने स्टेबल असू शकतो. घरचे मात्र ‘आता धोका टळला’ असं ऐकतात आणि सगळ्यांना तसे फोन करतात. दुसऱ्या दिवशी रुग्ण दगावला तर त्यांच्या मनात एकच गोष्ट उरते: काल तर चांगलं होतं, मग रात्रीत काय केलंत? ‘स्टेबल’ऐवजी पूर्ण वाक्य वापरा: “कालपेक्षा बिघडलेले नाहीत, पण अजून जिवाला धोका आहे.” याला पाच सेकंद जास्त लागतात.

दुसरा शब्द ‘सुधारणा’. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती काम करतात हे दाखवणारा रक्तातला घटक) खाली आलं ही मूत्रपिंडापुरती सुधारणा आहे. फुप्फुसं तिथेच असतील तर तेही त्याच वाक्यात सांगायला हवं. एका अवयवाची बातमी घरच्यांना अख्ख्या माणसाची बातमी वाटते.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. “आता आमच्या हातात काही नाही” किंवा “सगळं करायचं का, ते तुम्ही ठरवा.” पहिल्या वाक्याने घरच्यांना वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं, आणि ते खरंही नसतं: वेदना कमी करणं, श्वासाची तगमग कमी करणं, जवळ बसू देणं हे सगळं हातात असतंच. दुसऱ्या वाक्याला तर एकच उत्तर असतं. आपल्या आईसाठी ‘सगळं नको’ असं कोण म्हणेल?

रोजच्या छोट्या माहितीसाठी एक पद्धत चांगली चालते. रोज तेच तीन-चार मापदंड, त्याच क्रमाने सांगायचे. यंत्रातून किती टक्के ऑक्सिजन लागतोय (साध्या हवेत २१ टक्के असतो, त्यामुळे काल ८० लागत होता आणि आज ५० लागतोय हे कोणालाही कळतं). रक्तदाब टिकवणारं औषध वाढवावं लागलं की कमी करता आलं. चोवीस तासांत लघवी किती झाली. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी होत असेल तर मूत्रपिंडांची काळजी वाटू लागते. आणि हाक मारल्यावर डोळे उघडतात का. यानंतर एक वाक्य अर्थाचं: “एकूण चित्र कालच्यासारखंच आहे.” हे शेवटचं वाक्य राहिलं तर घरचे आकड्यांच्या मागे लागतात. मग दिवसभर मॉनिटरकडे टक लावून बसतात आणि रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९४ वरून ९२ वर आलं तरी हवालदिल होतात.

फॅमिली मीटिंग

या परीक्षणातलं सगळ्यात मोलाचं साधन. यावर वेळ घालवावा, बाकीच्यांत काटकसर करावी.

मीटिंग म्हणजे बंद दाराची खोली, सगळ्यांना खुर्च्या, उपचार करणारे डॉक्टर, त्या रुग्णाची नर्स आणि घरचे. २००७ साली फ्रान्समधल्या २२ आयसीयूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यू जवळ आलेल्या १२६ रुग्णांच्या घरच्यांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाशी नेहमीसारखं बोलणं झालं. दुसऱ्या गटासाठी डॉक्टरांना पाच गोष्टी नेमून दिल्या होत्या: घरचे जे बोलतील त्याची कदर करा, त्यांच्या भावनांची दखल घ्या, ऐका, रुग्ण माणूस म्हणून कसा आहे हे समजेल असे प्रश्न विचारा, आणि घरच्यांना प्रश्न विचारायला लावा. शिवाय शोकाबद्दलची एक पुस्तिका दिली. नेहमीची मीटिंग सुमारे २० मिनिटं चालली, नव्या पद्धतीची ३०. आणि घरच्यांच्या बोलण्याचा वेळ ५ मिनिटांवरून १४ मिनिटांवर गेला. म्हणजे वाढीव वेळ जवळपास सगळा घरच्यांना मिळाला, डॉक्टरांचं बोलणं साधारण तेवढंच राहिलं. तीन महिन्यांनी या गटातल्या लोकांत मानसिक आघाताची, चिंतेची आणि नैराश्याची लक्षणं स्पष्टपणे कमी होती.

अमेरिकेत ध्वनिमुद्रित केलेल्या मीटिंगांचा २००४ मधला अभ्यासही याच दिशेचा आहे. तिथे सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास वेळ डॉक्टरमंडळीच बोलत होती, आणि घरच्यांच्या वाट्याला जितका अधिक वेळ आला तितके ते अधिक समाधानी होते. मीटिंग कशी झाली हे पाहायचं असेल तर घड्याळ लावा आणि कोण किती बोललं ते मोजा. याहून सोपी तपासणी नाही.

आता प्रत्यक्ष कशी घ्यायची.

आधी पाच-दहा मिनिटं डॉक्टर-नर्सनी आपसांत बसायचं. कोण बोलणार, आजचा मुख्य निरोप कोणता, आणि आपल्यातच मतभेद असेल तर तो इथेच मिटवायचा. सर्जन म्हणतात ऑपरेशन चांगलं झालं, मूत्रपिंडांचे डॉक्टर म्हणतात डायलिसिसने भागणार नाही, आणि दोघेही घरच्यांना वेगवेगळे भेटतात. यातून होणारं नुकसान पुढच्या दहा मीटिंगा भरून काढू शकत नाहीत. खोलीत डॉक्टरमंडळींची गर्दी नको. दोन डॉक्टर आणि एक नर्स पुरे. समोर आठ पांढरे कोट दिसले की माणूस आक्रसून बसतो. नर्स मात्र हवीच. मीटिंगनंतर रात्री अकरा वाजता “डॉक्टर नेमकं काय म्हणाले हो?” हा प्रश्न तिलाच येणार असतो. फोन बाहेरच्या सहकाऱ्याकडे द्यायचा. सायलेंटवर ठेवून टेबलावर नाही.

सुरुवात माहितीने करायची नाही, प्रश्नाने करायची: “तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय आणि त्यातून तुम्हाला काय समजलंय?” मग गप्प बसायचं. पुढे काय सांगायचं ते या उत्तरातून ठरतं. कोणी म्हणतं, “न्यूमोनिया आहे, औषध लागू पडत नाहीये.” कोणी म्हणतं, “परवापर्यंत घरी नेता येईल ना?” या दोघांसमोर एकच भाषण करणं हा अन्याय आहे.

मग इशारा: “बातमी काळजीची आहे.” त्यानंतर दोनच वाक्यं, एक माहितीचं आणि एक अर्थाचं. “फुप्फुसातला संसर्ग औषधांना दाद देत नाही आणि आता मूत्रपिंडंही काम करेनाशी झाली आहेत. ते यातून वाचणार नाहीत अशी आम्हाला भीती वाटते.” इथे थांबायचं. मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. बहुतेक मीटिंगा इथेच बिघडतात, कारण शांतता डॉक्टरलाच सहन होत नाही आणि तो ती औषधांच्या नावांनी भरून टाकतो. घरच्यांच्या कानात त्यातलं काहीच शिरत नाही.

शांततेनंतर पहिला उद्गार येतो तो बहुतेक वेळा प्रश्नाच्या रूपातला हुंदका असतो. “अजून काहीतरी करता येईल ना?” याला तिसऱ्या अँटिबायोटिकची माहिती हे उत्तर नाही. “हे ऐकणं फार जड आहे. तुम्ही त्यांच्यासाठी किती धावपळ केलीत ते आम्ही पाहतोय.” एवढं बोलून पुन्हा थांबायचं. खरी माहिती हवी असेल तर तोच प्रश्न दोन मिनिटांनी शांत आवाजात पुन्हा येतो, आणि तेव्हा सविस्तर उत्तर द्यायचं. हे कौशल्य आपोआप येत नाही. ध्वनिमुद्रित ५१ मीटिंगांच्या एका अभ्यासात जवळपास एक तृतीयांश मीटिंगांत डॉक्टरच्या तोंडून सहानुभूतीचं एकही वाक्य आलं नव्हतं. ते निष्ठुर होते म्हणून नाही, शिकवलेलं नव्हतं म्हणून.

यानंतर रुग्णाची ओळख. “ते कसे आहेत? दिवस कसा जायचा त्यांचा? आजाराबद्दल, दवाखान्याबद्दल कधी काही बोलले होते का?” आणि मग: “त्यांना आत्ता आपल्यात बसून हे सगळं ऐकता आलं असतं, तर ते काय म्हणाले असते?” या प्रश्नाने ओझं बदलतं. मुलाला वडिलांच्या जिवाचा निकाल द्यायचा नसतो, त्यांचं म्हणणं पोचवायचं असतं. त्यावर डॉक्टरने शिफारस करायची. “तुम्ही सांगितलंत त्यावरून आम्हाला असं वाटतं की…” काही डॉक्टर घरच्यांच्या स्वातंत्र्याचा मान म्हणून शिफारस टाळतात. पर्यायांची यादी समोर ठेवून बाजूला होणं हा मान नाही, एकटं पाडणं आहे. मात्र घरच्यांना शिफारस हवी आहे का, हे आधी विचारावं. काहींना खरंच नको असते.

‘उपचार थांबवायचे’ असं कधीही म्हणू नये. काळजी घेणं थांबत नाही, तिचा उद्देश बदलतो. काय बंद होईल आणि काय चालू राहील हे दोन्ही नाव घेऊन सांगायचं.

वेळेबद्दल. बऱ्याच ठिकाणी मीटिंग फक्त वाईट बातमीसाठी होते. परिणाम असा की “बसून बोलूया” हे शब्द ऐकताच घरच्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून पहिली मीटिंग पहिल्या तीन दिवसांत, बातमी कशीही असो. अमेरिकेत मांडलेल्या एका कार्यपद्धतीत निर्णय घेणारी व्यक्ती कोण हे पहिल्याच दिवशी नोंदवायचं आणि पाचव्या दिवसापर्यंत सगळ्यांसोबतची मीटिंग झालेली असावी असं सांगितलंय. आमच्या मते पाचवा दिवस ही शेवटची मर्यादा मानावी.

नेहमी येणारी एक अडचण: सहाव्या दिवशी लांबून पोचणारा नातेवाईक. बाकीचे हळूहळू परिस्थितीशी जुळवून घेत आलेले असतात, तो पहिल्या दिवसावर असतो, शिवाय आपण जवळ नव्हतो ही खंत त्याला पोखरत असते. तो आवाज चढवतो, सगळं करा म्हणतो, आणि ठरलेलं सगळं उलटतं. त्याला ‘अडथळा’ समजू नये. त्याच्यासाठी वेगळी वीस मिनिटं काढावी, पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी, आणि आधी त्याला रुग्णाजवळ बसू द्यावं.

घरचे वेगळी भाषा बोलत असतील तर प्रशिक्षित दुभाषा हवा. घरातल्या शाळकरी मुलीकडून आजोबांच्या मृत्यूची बातमी आजीला सांगून घेऊ नये. दुभाष्यालाही आधी भेटून काय सांगायचंय ते सांगावं. एका वेळी एकच विचार, छोटी वाक्यं, नजर घरच्यांकडे. वेळ दुप्पट धरावा. दुभाष्यामार्फत झालेल्या मीटिंगांच्या अभ्यासांत अर्थ बदलणं, गळणं, भर पडणं वारंवार आढळलंय. म्हणून शेवटी घरच्यांना त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावणं इथे दुपटीने गरजेचं.

मीटिंग संपल्यावर केसपेपरवर नोंद. “नातेवाईकांना कल्पना दिली” ही नोंद निरुपयोगी आहे. कोण कोण होतं, मुख्य निरोप कोणत्या शब्दांत दिला, घरच्यांना काय समजलं, कोणते प्रश्न राहिले, पुढची भेट कधी, एवढ्या पाच ओळी लिहाव्यात. रात्रपाळीच्या डॉक्टरने दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी त्या वाचाव्यात. “काल त्या डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं” ही तक्रार बहुतेक वेळा या पाच ओळींअभावी जन्माला येते.

चांगल्यात चांगलं, वाईटात वाईट

मीटिंगमध्ये वापरायचा हा एक कागद आहे, आणि आम्हाला तो फार आवडतो. कोऱ्या कागदावर एक उभी रेघ ओढायची. वर तारा: सगळं मनासारखं झालं तर काय होईल. खाली चौकोन: सगळं उलट गेलं तर काय. मध्ये एक खूण: आम्हाला काय होईल असं वाटतं. खूण ताऱ्याजवळ की चौकोनाजवळ, हे डोळ्यांना दिसतं. तिन्ही ठिकाणी टक्के लिहायचे नाहीत, दोन-तीन वाक्यांत गोष्ट सांगायची: “सगळं नीट झालं तरी महिनाभर इथे, मग गळ्यातून नळी, घरी गेल्यावर उठायला-बसायला मदत लागेल.” घरच्यांनी मनात धरलेलं ‘चांगल्यात चांगलं’ बरेचदा पूर्वीसारखं चालतं-बोलतं माणूस असतं. ते या वाक्याने न दुखावता दुरुस्त होतं.

दोष: डॉक्टरला स्वतःचा अंदाज कागदावर मांडावा लागतो, आणि अनेकजण तिथेच कचरतात. मग खूण रेघेच्या बरोबर मधोमध येते. तसा कागद न काढलेलाच बरा.

फोन आणि व्हिडिओ

रोज ठरलेल्या तासात फोन यावा, आणि तो विभागाकडून जावा. घरच्यांनी फोन लावून ‘डॉक्टर राउंडला आहेत’ ऐकत बसावं ही पद्धत वाईट. घरातला एक माणूस बोलण्यासाठी ठरवायचा, ओळखीसाठी एक खुणेचा शब्द ठरवायचा. नाहीतर फोनवर पलीकडे कोण आहे हे कळायला मार्ग नाही. रात्री कशासाठी उठवायचं हेही आधीच विचारून नोंदवावं. काहींना प्रत्येक बदल कळायला हवा असतो, काहींना सकाळपर्यंत थांबलेलं चालतं. हे विचारलेलं असलं की रात्रीचा प्रत्येक फोन काळजाचा ठोका चुकवत नाही.

फोनवर पहिला प्रश्न: “तुम्ही आत्ता कुठे आहात? गाडी चालवत नाही ना? सोबत कोणी आहे?” रुग्ण गेला असेल आणि घरच्यांनी थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

व्हिडिओभेट कोविडच्या साथीच्या काळात रुजली आणि लांब असलेल्यांसाठी ती टिकायला हवी. पण कॅमेरा चालू करण्याआधी आवाजावरच सांगा: चेहऱ्यावर सूज आहे, तोंडात नळी आहे, डोळे अर्धवट उघडे आहेत. आधी चेहरा, मग हळूहळू बाकीचं. शेजारची खाट चौकटीत येत नाही ना, हे पाहा. स्पीकर रुग्णाच्या कानाजवळ धरा. आणि भेट संपल्यावर नर्सने एक मिनिट तरी थांबावं, स्क्रीन काळी पडल्यावर पलीकडचा माणूस एकटाच असतो. रोजच्या भेटीसाठी हे साधन चांगलं, पण वाईट बातमीसाठी तिसऱ्या पसंतीचं.

भेटीच्या वेळा

थोडक्यात: वाढवा. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंत, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घरच्यांना दिवसाला १२ तासांपर्यंत थांबू दिलं. रुग्णांच्या भ्रमावस्थेत (आजारपणात भान हरपून गोंधळून जाणं) लक्षणीय फरक पडला नाही, पण घरच्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं. खाटेजवळ बसलेला माणूस दिवसभरात जे पाहतो ते कोणत्याही मीटिंगमध्ये सांगता येत नाही. किती माणसं, किती वेळ, हे रुग्णागणिक नर्सने ठरवावं.

डायरी

बेशुद्धीतल्या दिवसांची नोंद नर्स आणि घरचे मिळून लिहितात, रुग्ण बरा झाल्यावर त्याला देतात. २०१० मधल्या ३५२ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत मानसिक आघाताचं नवं निदान डायरी मिळालेल्यांत ५ टक्के आणि न मिळालेल्यांत १३ टक्के होतं, त्यामुळे फार आशा निर्माण झाली. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या ३५ आयसीयूंतल्या मोठ्या चाचणीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. आमचं मत: इलाज म्हणून विकू नका, सोबत म्हणून ठेवा. दिवसभर हातावर हात ठेवून बसलेल्या माणसाला ती काहीतरी करायला देते. तारीख, दोन-चार साधी वाक्यं, “आज तुमची नात आली होती, तिने तुमचे केस विंचरले.” वैद्यकीय नोंदी त्यात नकोत. फोटो असतील तर ते बंद पाकिटात, रुग्ण स्वतः मागेल तेव्हाच.

सांत्वनपत्र, बाहेरचे तज्ज्ञ आणि तीन भेटी

इथे दोन निकाल असे आहेत की ते प्रत्येक विभागाने भिंतीवर लावावेत. फ्रान्समध्ये मृत्यूनंतर दोन आठवड्यांनी डॉक्टर-नर्सनी हाताने लिहिलेलं पत्र घरच्यांना पाठवलं गेलं. २०१७ मध्ये निकाल आले: शोक हलका झाला नाही, उलट सहा महिन्यांनी नैराश्याची आणि आघाताची लक्षणं पत्र मिळालेल्यांत जास्त दिसली. दुसरा निकाल २०१६ मधला, अमेरिकेतला. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी उपशामक उपचारांच्या (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) तज्ज्ञांनी खास मीटिंगा घेतल्या. चिंता-नैराश्य कमी झालं नाही आणि आघाताची लक्षणं वाढलेली आढळली.

पत्रात प्रेम होतं, तज्ज्ञांकडे कौशल्य होतं. मग उणं कुठे पडलं? आमचं वाचन असं: पत्राला उलट बोलता येत नाही. वाचणाऱ्याच्या मनात पुन्हा सगळं उसळतं आणि समोर कोणी नसतं. आणि तज्ज्ञ कितीही निष्णात असला तरी रोज खाटेजवळ दिसणारा चेहरा तो नसतो. उपचार करणाऱ्यांनीच बोलावं आणि घरच्यांना बोलायला जागा असावी, या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथले निकाल वेगळे आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली फ्रान्समधल्या ३४ आयसीयूंची चाचणी पाहा. डॉक्टर आणि नर्स यांनी घरच्यांना तीनदा भेटायचं: मृत्यूआधी तयारीसाठी, मृत्यूच्या काळात खाटेजवळ जाऊन, आणि मृत्यूनंतर. सहा महिन्यांनी दीर्घ शोकाची लक्षणं कमी होती.

यातली दुसरी भेट बहुतेक विभागांत होतच नाही. पडदा ओढला जातो आणि सगळे आदराने दूर राहतात. घरच्यांना मात्र नेमकं त्या वेळी कोणीतरी हवं असतं. आत जाऊन सांगायचं की श्वास मधेमधे थांबेल, घशातून घरघर येईल, हात गार पडतील, आणि वेदना व तगमग होऊ नये म्हणून औषध चालू आहे. हात धरला तर चालेल, खाटेवर बसलं तर चालेल. मॉनिटरचा स्क्रीन बंद करायचा, नाहीतर शेवटची मिनिटं चेहऱ्याऐवजी रेषेकडे बघण्यात जातात.

तिसरी भेट मृत्यूनंतर, घरचे निघण्याआधी, पुन्हा बसून. कागदपत्रांचं बोलणं या भेटीत मिसळू नये, त्यासाठी दुसऱ्या माणसाने नंतर यावं. रुग्णाचं नाव घ्यायचं, ‘बॉडी’ म्हणायचं नाही. काही विचारायचं राहिलंय का, हे विचारायचं आणि वाट पाहायची. अनेकदा एकच प्रश्न येतो: “आम्ही लवकर आणलं असतं तर?” त्याचं उत्तर खरं द्यायचं, आणि ते देता यावं म्हणून केसपेपर आधी पुन्हा वाचून जायचं. निघताना एक नाव आणि एक फोन नंबर कागदावर लिहून द्यायचा, महिन्याभराने प्रश्न पडला तर उचलणारा माणूस खरोखर असेल असा.